भाव उतरायची वाट बघताना रॅमकडे बघा
बेळगावात नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की "दिवाळीपर्यंत थांबा, कॉम्प्युटर स्वस्त होतातच" असा सल्ला मिळतो, तो एरवी पटला असता. पण या वेळी अडचण रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामाच्या मेमरीची आहे. चिप कंपन्यांनी उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवलं आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. नवा चिप कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, सणाच्या सेलने त्यात काय फरक पडणार? मशीन खरंच लागत असेल तर आत्ताच घ्या. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी टाका, दुसरा स्लॉट पुढे रॅम वाढवायला मोकळा ठेवा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल, तर त्यावर सहसा विंडोज ११ चालतं, म्हणजे जुन्यावरच काम भागेल, मग खुशाल थांबा.

आणि कोल्हापुरातून आणायचं म्हणणाऱ्यांसाठी: जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच आहे, वर वॉरंटीसाठी निपाणी ओलांडून खेपा पडतील. त्यापेक्षा बेळगावातच घेऊन चांगल्या यूपीएससाठी पैसे राखा. खानापूरकडे पावसात लाईट किती वेळा जाते, ते तिथल्यांना सांगायला नको.