घड्याळातूनच वॉकीटॉकीसारखं बोलता येते का? बाबासाठी पाहिजे, रात्रीच्या ओलिताले

संत्राबगीचा_वरुड
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. विहीर जुन्या वावरात अन् नवा बगीचा नाल्याच्या पल्याड, पाइपलाइन पाऊण किलोमीटर. आंबिया बहाराचा ताण (फुलं याव म्हणून पाणी बंद ठेवतात तो) तोडून आता पाणी चालू केलं, त्याच्यानं रोज एकच घोर. मी स्टार्टरपाशी बसतो, बाबा तिकडं दांडावर पाणी फिरवतात. पाइपाचं जॉइंट सुटलं की बाबा आवाज देतात, मोटरच्या आवाजात मले काही आयकू येत नाही. फोन करा म्हणावं तं त्यायचे दोन्ही हात गाऱ्यानं, म्हंजे चिखलानं, भरलेले, फोन धुऱ्यावर थैलीत, मी लावला तं ते थैलीपर्यंत येतवरी कटून जाते.

मागच्या मंगळवारी रात्रीची लाइन होती. दोन वाजता जॉइंट सुटलं अन् पाणी चाललं नाल्यात, बाबा अंधारात टॉर्च घेऊन एवढं चालत आले मोटर बंद करा म्हणून सांगाले. वय ६४, गुडघे दुखतात, अन् शिवारात बिबट फिरून राहिला. मले लय वाईट वाटलं, झोप नाही आली त्या दिवशी.

आता पुण्याच्या मावसभावाच्या हातात घड्याळ पाह्यलं, त्यानं बटन दाबून धरलं अन् बोलला, तं तिकडं वहिनीच्या घड्याळातून आवाज निघाला, तिनं काही उचललं बी नाही. असंच पाहिजे मले, बाबाच्या मनगटावर, म्हंजे मी बोललो की त्यायले आपोआप आयकू जाईल अन् त्यायले बोलाचं तं एक बटन. कोणतं घ्याव, स्वस्तातल्या घड्याळात होते का, अन् पाऊण किलोमीटर रेंज भेटन का, कोणी वावरात वापरून पाह्यलं असन तं सांगा.

नागपूरकर_७७
दादा, तुमच्या भावाकडे अॅपल वॉच असणार. त्यात वॉकीटॉकी नावाचंच अॅप आहे, २०१८ ला घड्याळाच्या वॉचओएस ५ या सॉफ्टवेअरसोबत आलं. पण एक गोष्ट आधी समजून घ्या, त्या घड्याळात वॉकीटॉकीचा रेडिओ नसतो. आवाज फेसटाइम ऑडिओवरून जातो, म्हणजे इंटरनेटवरून. त्यामुळे पाऊण किलोमीटर काय अन् पुणे ते वरुड काय, त्याला सारखंच, फक्त दोन्हीकडे नेट पाहिजे. दोघांकडे अॅपलचं घड्याळ अन् आयफोन लागतो, समोरच्यानं एकदा विनंती मान्य केली की मग पिवळं बटन दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं.

मी आणि बायको वापरतो. पहिल्यांदा जोडायला काही सेकंद लागतात, माणूस घाईत बोलतो आणि पहिले दोन शब्द जातात, "मोटर बंद कर" मधलं "मोटर" गेलं तरी चालेल पण "बंद" गेलं तर काय. जुलै २०१९ मध्ये यात एक चूक सापडली होती, दुसऱ्याच्या आयफोनवर परवानगीशिवाय ऐकता येऊ शकत होतं, म्हणून अॅपलनं काही दिवस ते बंदच ठेवलं आणि अपडेट देऊन परत सुरू केलं. आता चालतं.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. घड्याळ फोनशी ब्लूटूथनं जोडलेलं असतं, ते दहाएक मीटर. फोन धुऱ्यावरच्या थैलीत आणि बाबा चार ओळी पुढे गेले की संपलं. ईसिमवालं, म्हणजे आतच स्वतःचं सिम असलेलं, घेतलं तर फोन जवळ नसला तरी चालतं, पण ते महाग आणि नेटवर्क तरी लागतंच. सॅमसंगनंही २०२१ मध्ये गॅलक्सी वॉच ४ सोबत वॉकीटॉकी अॅप दिलं होतं, त्यालाही नेट लागतं.

मोबाईलवाला_आर्वी
भाऊ माझं दुकान आहे म्हणून सांगतो, दीड-दोन हजाराच्या ब्लूटूथ कॉलिंग घड्याळाच्या मागं या कामासाठी लागू नका. त्याच्यात अॅप टाकताच येत नाही. ते फोनचं हेडफोनच समजा, माइक अन् स्पीकर मनगटावर आला एवढंच, कॉल फोनवरूनच होते. डब्यावर काय काय छापलेलं असते, गिऱ्हाईक वाचते अन् घेते, मग दोन दिवसानं परत घेऊन येते.

पण तुमच्या कामाचा एक जुगाड सांगतो. काही फोनच्या कॉल सेटिंगमध्ये आपोआप उचलाची सोय असते, ब्लूटूथ जोडलेलं असलं की दोन-चार सेकंदात कॉल स्वतःच उचलल्या जाते. बाबाजींचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवा, घड्याळ हातात, तुम्ही कॉल लावला की ते हात न लावता बोलतीन. माझ्या फोनवर चालते पण सगळ्या फोनवर नाही, म्हणून घ्यायच्या आधी दुकानात त्यायचाच फोन नेऊन जोडून पाहा. तिकडून इकडं लावाचा झाला तं मात्र बटन दाबाच लागन.

पऱ्हाटीवाली_यवतमाळ
ओल्या हाताचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. घड्याळाचा काच टचचा असतो, त्यावर पाणी पडलं की तो स्वतःच दाबल्यासारखा करतो अन् गारा लागलेलं बोट त्याला समजतच नाही. आमच्या घरी फवारणीच्या वेळी हाच त्रास. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते दिवस मी पाहिले आहेत, तेव्हापासून मी आमच्या यांना हातमोजा काढू देत नाही, मग तो काच दाबणार कसा? हातमोजा काढलेल्या हातानं परत फोन, परत तोंडाला हात, नकोच ते.

आम्ही झेलो नावाचं अॅप फोनवर टाकलं, घरगुती वापराला पैसे लागत नाहीत. ते दाबून बोलायचंच अॅप आहे, अमेरिकेत २०१७ च्या हार्वे वादळात लोकांना पुरातून काढणाऱ्या स्वयंसेवकांनी हेच वापरलं होतं. त्यात फोनचं आवाजाचं बटन बोलायला लावून घेता येतं, नाहीतर एक छोटं ब्लूटूथ बटन वेगळं मिळतं ते पट्ट्याला अडकवायचं. खरं उठलेलं बटन आहे, हातमोज्यावरून दाबलं जातं, न पाहता दाबलं जातं. समोरच्याचा आवाज आपोआप वाजतो. आणि नेट गेलं असेल तर निरोप थांबून राहतो, नेट आलं की येतो, परत लावूनही ऐकता येतो.

तर दादा, घड्याळच पाहिजे असं धरून बसू नका. काकांचा अंगठा न पाहता कुठं जाऊन दाबेल तिथं बटन पाहिजे. आणि काका अंधारात पाऊण किलोमीटर चालले हे वाचून मलाही कसंतरी झालं, लवकर काहीतरी करा.

संत्राबगीचा_वरुड
ताई, भाऊ, सगळ्यायचे लय आभार. आज सकाळी फोन घेऊन पूर्ण पाइपलाइन चाललो. विहिरीपाशी चांगलं नेटवर्क, नाल्यात उतरलं की पूर्ण जाते, पल्याड बगीच्यात एक काडी, ते बी कधी आहे कधी नाही. अन् लाइन गेली की थोड्या वेळानं टॉवर बी जाते. म्हंजे नेटवाल्या कोणत्याच घड्याळावर रात्रीचा भरोसा नाही. आता काय कराव?

रेडिओछंदी_चंद्रपूर
नेटवर्क नाही तर घड्याळ सोडा, सरळ रेडिओ घ्या. घड्याळाला तुम्ही ज्या कामासाठी शोधून राहिले ते काम मुळात रेडिओचंच आहे. आमच्याकडं जंगलात वनविभागाच्या लोकांजवळ वायरलेस सेट का असतात, याच्यासाठीच. बटन दाबलं की तरंग थेट दुसऱ्या सेटवर, मधात टॉवर नाही, रिचार्ज नाही, लाइन गेली तरी फरक नाही.

पण कोणता घ्यायचा ते नीट ऐका, कारण इथंच लोक फसतात. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या वॉटपर्यंतचा सेट विनापरवाना वापरता येतो, २०१८ च्या नियमात ती सूट आहे. ऑनलाइन जे ५ वॉटचे, कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे स्वस्त सेट दिसतात ते या सुटीत बसत नाहीत, त्याला परवाना लागतो. पोलीस, अॅम्ब्युलन्स अशांच्या बोलण्यात अडथळा येऊ शकतो, गंमत नाही ती. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा बेकायदा विक्रीवर ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या अन् नियमावली काढली. म्हणून घेताना फ्रिक्वेन्सी अन् ईटीए प्रमाणपत्र (सेटला सरकारी मान्यता असल्याचा कागद) विचारा, दुकानदार टाळाटाळ करत असेल तर उठून या.

अर्धा वॉट ऐकून घाबरू नका. मोकळ्या वावरात पाऊण किलोमीटर आरामात होते. दाट बगीच्यात कमी होते, ओला पाला तरंग खातो, अन् नाल्यात खाली बसून बोललं तर अडते, काठावर यायचं. सेट छातीच्या वर ठेवा, अँटिना उभी. सगळ्यात महत्त्वाचं, सोबत वायरचा कॉलर माइक घ्या. सेट खिशात, माइक कॉलरला, त्याच्यावरच मोठं बटन, गाऱ्याच्या हातानं मनगटाच्या मागच्या बाजूनं दाबलं तरी चालते. घड्याळापेक्षा कानाजवळ येते ते.

अन् बटन दाबल्यावर एक श्वास थांबून बोलायचं, सोडल्याशिवाय समोरचा बोलू शकत नाही, एका वेळेस एकच. शब्द ठरवून घ्या. "बंद" अन् "चालू" दोनदा म्हणायचं, "बंद, बंद".

नागपूरकर_७७
हे बरोबर. मी शहरातल्या हिशोबानं सांगत होतो, माझ्या घरी वायफाय भिंतीभिंतीत आहे.

संत्राबगीचा_वरुड
१२ दिवसानं लिहून राहिलो, माफ करा, पाण्याची पाळी होती. अमरावतीहून दोन सेट आणले, विनापरवान्यावाले, प्रमाणपत्र पाहून, कॉलर माइक वेगळा घेतला. नाल्यात खरंच अडते, बाकी पूर्ण बगीच्यात आयकू येते, शेवटच्या दोन ओळीत थोडी खरखर.

बाबा पहिल्या दिवशी बटन न सोडताच माह्या उत्तराची वाट पाहत उभे होते. आता जमलं. परवा रात्री परत जॉइंट सुटलं, दीड वाजता, सेटमधून आवाज आला "बंद, बंद", मी बसल्या जागी स्टार्टर पाडला. मग म्हणाले थांब, बांधतो, अन् दहा मिनिटानं "चालू, चालू". मोटर चालू असतानी मले आवाज कमी येते म्हणून सेट मी कानाखाली गळ्यात बांधला. एक रात्र चार्जिंग पुरते, सकाळी घरी आल्याबरोबर दोन्ही लावून देतो.

आता घड्याळाचा इचार आईसाठी आहे. ती घरी एकटी असते, घरी नेटवर्क चांगलं आहे, अन् फोन तिले सापडतच नाही, कुठं ठेवला ते इसरते. लेकरायचं सिमवालं घड्याळ असते ते मोठ्या माणसाले चालते का?

मोबाईलवाला_आर्वी
चालते भाऊ, पण ४जीवालंच पाहा. स्वस्तातले बरेच २जीचे असतात, अन् जिओचं २जी नाही, त्याच्यात त्यायचं सिम टाकलं तं लागतच नाही. पट्टा मोठ्या मनगटाले पुरते का ते बी पाहा, लेकराच्या मापाचा असते. काकूले सोबत घेऊन या एखाद्या दुकानात, त्यायच्या हातात बांधून, त्यायलेच बटन दाबाले लावा.