कॉम्प्रेसर व्हील ओतीव घ्यावं की बिलेट? टर्बाइन कोणत्या धातूचं? सल्ला हवा

तिसरा_गिअर (धागाकर्ता):
दोन लिटरचं पेट्रोल इंजिन ट्रॅकसाठी तयार करतोय. टर्बो (एक्झॉस्ट वायूवर टर्बाइन फिरतं आणि त्याच शाफ्टवरचं कॉम्प्रेसर व्हील इंजिनात हवा दाबून भरतं) उघडला, तर कॉम्प्रेसर व्हीलच्या पात्यांची टोकं हाऊसिंगला घासून बोथट झालेली. व्हीलचा बाहेरचा व्यास ६० मिमी. आता एकतर मूळचं होतं तसंच ओतीव व्हील घ्यायचं, नाहीतर 'बिलेट' म्हणून विकतात ते सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) कोरलेलं. बिलेट खरंच जास्त ताकदीचं असतं का? त्याच्या पात्यांवर बारीक रेषा दिसतात, त्यामुळे मन कचरतंय. टर्बाइनसाठी एक विक्रेता इनकोनेल ७१३ पुरे म्हणतो, दुसरा मार-एम २४७ शिवाय घेऊच नका म्हणतो (दोन्ही उष्णता सोसणारे निकेलचे मिश्रधातू). बूस्ट, म्हणजे टर्बो भरतो त्या हवेचा दाब, वाढवणार आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

पाचअक्षी:
आधी बेअरिंग तपासा. पाती आपणहून हाऊसिंगला लागत नाहीत, बहुतेक वेळा शाफ्टला खेळ (सैलपणा) आलेला असतो. तो तसाच ठेवलात तर नवीन व्हीलही घासणार.

आता व्हीलचं. मी पाचअक्षी मशीनवर अशी व्हील्स कोरतो. तुमचं ६० मिमीचं व्हील मिनिटाला १,५०,००० फेरे फिरलं, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४७० मीटर होतो. आवाजापेक्षाही जास्त. त्या टोकावरचा एक ग्रॅम धातू साधारण ७५० किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. हा सगळा ताण शेवटी मधल्या भोकापाशी येतो, त्यामुळे व्हील फुटायचं तर बहुधा तिथून फुटतं. काही व्हील्सना आरपार भोक ठेवतच नाहीत, ते याचसाठी. शिवाय हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: फेरे १० टक्क्यांनी वाढले की ताण २१ टक्क्यांनी वाढतो. दर वेळी ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, की ताण चढतो, उतरतो, आणि धातू थकत जातो.

ओतीव ॲल्युमिनियममध्ये बारीक छिद्रं राहू शकतात आणि थकव्याची चीर तिथून सुरू होते. फोर्ज केलेल्या, म्हणजे प्रचंड दाबाने ठोकून घडवलेल्या, ठोकळ्यात ती दाबली जातात. पण 'बिलेट' म्हणजे फक्त ठोकळ्यातून कोरलेलं; ठोकळा कशाचा हे तो शब्द सांगत नाही. म्हणून विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: मिश्रधातू कोणता, आणि तो फोर्ज केलेला आहे का? उत्तर '२६१८, फोर्ज्ड' (२६१८ हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा क्रमांक) आलं तर घ्या. कॉन्कॉर्ड विमानाचा सांगाडा याच जातीच्या धातूचा होता, कारण उष्णतेत तो ताकद टिकवतो. कोणी ७०७५ हा दुसरा ॲल्युमिनियम मिश्रधातू अभिमानाने दाखवला तर थांबा. थंड असताना तो फार मजबूत, पण कॉम्प्रेसरमध्ये थंड काही नसतं. २५ अंशांची हवा अडीचपट दाबली आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर बाहेर पडताना ती १४५ अंशांच्या आसपास असते. तिथे ७०७५ झपाट्याने मऊ पडतो.

रेषांची फार काळजी करू नका. कटरची कड संपूर्ण पात्याला लावून एका फेरीत कापलं तर पृष्ठभाग गुळगुळीत येतो. गोल टोकाच्या कटरने ओळीओळीने कोरलं तर रेषा राहतात. वेडावाकडा वळणारा आकार दुसऱ्या पद्धतीनेच निघतो. मात्र पातं हबला (व्हीलच्या मधल्या भागाला) जिथे मिळतं तिथे नख फिरवून पाहा. तिथे गोलाई हवी. खाच जाणवली तर ते व्हील परत करा.

भट्टीवाला:
टर्बाइनबद्दल मी सांगतो, माझं काम त्याच धातूंचं. ही व्हील्स ओतीवच असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. आधी साच्यात मेणाचं व्हील बनवतात, अशी अनेक मेणाची व्हील्स एका खोडाला झाडासारखी जोडतात. ते झाड सिरॅमिकच्या पातळ लगद्यात बुडवायचं, वर बारीक रेती, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. कवच जाड झालं की वाफेने मेण वितळवून काढायचं आणि कवच भाजायचं. धातू निर्वातात ओततात, कारण त्यातलं ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम हवेतल्या ऑक्सिजनला लगेच धरतात. पात्याची कड कागदासारखी पातळ, तिथपर्यंत धातू न गोठता पोहोचवणं हीच खरी कसोटी.

मग ते व्हील पोलादी शाफ्टला घर्षणाने किंवा इलेक्ट्रॉन झोताने जोडतात. जोडापाशी मुद्दाम पोकळी ठेवतात, म्हणजे टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे कमी सरकते.

इनकोनेल ७१३ साधारण ९५० अंशांपर्यंत निभावतं, मार-एम २४७ सुमारे १,०५० पर्यंत. म्हणजे निर्णय तुमच्या एक्झॉस्ट वायूच्या तापमानावर आहे. सेन्सर बसवा आणि मोजा. बूस्ट वाढवलेलं पेट्रोल इंजिन ट्रॅकवर सतत ताणणार असाल, तर मी मार-एम घेईन.

रेव्हकाउंटर:
हलकं टर्बाइन का नको? टायटॅनियम ॲल्युमिनाइडची घनता या धातूंच्या निम्मी, लॅन्सर इव्होल्यूशन गाडीत वापरलंही आहे.

भट्टीवाला:
वेग लवकर पकडतं, हे खरं. पण ते ठिसूळ आणि पोलादाला जोडायला अवघड. सिरॅमिकचंही तेच. निस्सानने १९८५ मध्ये ते फेअरलेडी झेडमध्ये आणलं, पुढे आर३२ स्कायलाइन जीटी-आरमध्येही होतं. मूळ बूस्टवर छान चालायचं, बूस्ट वाढवला की तुटायचं. धागाकर्त्यांना बूस्ट वाढवायचाच आहे, म्हणून सुचवलं नाही.

गरम_तेल:
बॅलन्सिंग विसरू नका, कळकळीने सांगतोय. मी नवीन व्हील एका ठिकाणी बसवून घेतलं. 'व्हील कारखान्यातूनच बॅलन्स होऊन येतं' असं सांगून त्यांनी तसंच लावलं. काही दिवसांत शिट्टीसारखा आवाज, मग सीलमधून तेल, मग बेअरिंग गेलं. व्हील आणि शाफ्ट स्वतंत्र बॅलन्स असले तरी जोडल्यावर थोडा फरक उरतोच. पूर्ण कोअर (दोन्ही व्हील्स, शाफ्ट आणि बेअरिंग एकत्र) जोडून, तेल सोडून, प्रत्यक्ष चालतो त्या वेगाच्या जवळपास फिरवून तपासायला हवा. आणि त्याचा आलेख मागून घ्या.

तिसरा_गिअर (धागाकर्ता):
सगळ्यांचे मनापासून आभार. बेअरिंग पाहिलं, खेळ होताच. बेअरिंग नवीन, फोर्ज्ड २६१८ कॉम्प्रेसर, मार-एम टर्बाइन आणि पूर्ण कोअरचं बॅलन्सिंग असं ठरवलंय. पुढे कॉम्प्रेसर व्हीलचा नट सैल करायची वेळ आली तर काय जपायचं?

पाचअक्षी:
बऱ्याच टर्बोंमध्ये त्या नटाचे आटे उलटे असतात, आधी पाहून घ्या. काढण्यापूर्वी शाफ्ट, व्हील आणि नट तिघांवर जुळणीची खूण करा. कसताना लांब पान्याने एका बाजूने जोर लावू नका, शाफ्ट बारीक असतो, वाकतो. टी-हँडल आणि मध्ये युनिव्हर्सल जॉइंट लावा.