उपवासकाळातली आवराआवर

एका ताईंनी विचारलंय, मुलं लहान असताना घरातला पसारा कमी करायचा तरी कधी? आम्ही वसईचे कॅथलिक. मी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सुरुवात करते. रविवार सोडून ईस्टरपर्यंत ४० दिवस, रोज एकच वस्तू घराबाहेर. कपडे, डबे, खेळणी. धाकटीने स्वतःहून बाहुली आणून दिली तेव्हा मला भरून आलं. मी मागितली नव्हती. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेली झावळीची पाती मात्र टाकत नाही. ती वर्षभर क्रुसामागे असतात आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी चर्चमध्ये परत जातात. आता संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सगळ्यांना जमिनीवर ऐसपैस बसता येतं. सासूबाईंच्या पितळी भांड्यांना हात लावलेला नाही, ती त्यांची आहेत.