पद्मपाणीचा पासपोर्ट फोटो

खडूफळा
परवा एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला: "लेखात अख्खं चित्र घालू नका, मोबाइलवर काही दिसत नाही. हवा तेवढा तुकडा कापून लावा." नमुना म्हणून काय, तर अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीचा नुसता चेहरा! अहो, त्या भिंतीवर त्याच्याभोवती माकडं आहेत, मोर आहेत, शेजारी सावळी स्त्री आहे. एवढ्या गजबजाटात हा एकटा शांत, हीच तर गंमत. चेहरा कापलात की उरला पासपोर्ट फोटो.

निवृत्त_मुद्रितशोधक
असहमत. तीस वर्षं पानं लावलीत. अख्खी भिंत दोन कॉलमांत बसवली की नुसता तपकिरी डाग दिसतो. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या चित्रांच्या नकला रंगवल्या, त्याही तुकड्यातुकड्यांनीच. त्यांनाही झापणार का?

खडूफळा
ते भिंतीसमोर बसून रंगवत होते, स्क्रीनशॉट मारत नव्हते. इटालियन चित्रकार राफाएलचे ते दोन कंटाळलेले देवदूत बघा. मगांवर, उशांवर सगळीकडे तेच. अख्ख्या चित्रात ते ज्या मेरीच्या, येशूच्या आईच्या, पायाशी टेकलेत ती जर्मनीत ड्रेस्डेनला उभी आहे, हे कुणाला ठाऊक?

फायलीत_हरवलेला
तुमचं कलाप्रेम चालू द्या, पण वर्डमध्ये क्रॉप केलेलं चित्र कापलं जात नाही, फक्त झाकलं जातं! सोसायटीच्या अहवालात मी टाकीच्या गळतीचा फोटो असाच घातला. एकाने फाइल उघडून कड ओढली, तर बाजूला अध्यक्षांनी गच्चीत बांधलेली खोली! सहा महिने अबोला.

काकूबाई_ऑनलाइन
कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'वर टिक करायची असते हो.

फायलीत_हरवलेला
आता सांगताय!

पेंटवाला
आधी पेंटमध्ये कापा, मग चिकटवा. पीडीएफमध्ये क्रॉप केलं तरी मागे सगळं राहतं. गूगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटचा उडवलेला भाग बराचसा परत मिळवता येत होता, हे २०२३ मध्ये उघड झालंच की.

खडूफळा
धागा अजिंठ्यावर आहे!!

काकूबाई_ऑनलाइन
असू दे. खोलीचं काय झालं?

निवृत्त_मुद्रितशोधक
बरं, खडूफळा, तुकड्याच्या फोटोओळीत 'तपशील', म्हणजे मोठ्या चित्राचा भाग, असं लिहू आणि शेजारी अख्खी भिंत अंगठ्याएवढी लावू. झालं समाधान?

खडूफळा
अंगठ्याएवढी! उपकार झाले. 'तपशील' तेवढं विसरू नका, नेहमी विसरता.

फायलीत_हरवलेला
खोली आहे तिथेच. आता सोसायटीचं ऑफिस म्हणतात तिला. अहवाल तिथेच बसून टाइप करतो.