सस्पेन्शन मूळचंच, टायर मात्र रुंद: चालतं की नाही?

(गाडीवेड्यांच्या मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चाकोरीबाहेर

पिकअपकडे मागून पाहिलं की पैलवानाने पोराच्या चपला घातल्यासारखं वाटायचं. एवढी दणकट गाडी आणि खाली २६५/६५ आर १७ टायर (रुंदी मिमीमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत). टायर झिजल्यावर २८५/७० आर १७ घेतले. रिम मूळची, साडेसात इंची. पुढच्या स्प्रिंगा, शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे नळे), मागचे स्प्रिंगचे पाटे यातल्या कशालाही हात लावला नाही.

जो तो म्हणाला, "लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सुटे भाग, घातल्याशिवाय बसणार नाहीत." बसले. माझं मत सरळ आहे: लिफ्ट किट आणि टायरला मिळणारी जागा यांचा लोक समजतात तितका संबंध नाही. लिफ्टने गाडी उभी असताना उंच दिसते. पण खड्ड्यात आपटून चाक पूर्ण वर गेलं की ते बंपस्टॉपला (चाकाला आणखी वर जाऊ न देणारा ठोकळा) टेकूनच थांबतं, आणि बंपस्टॉप तोच असेल तर कमानीत चाक जिथे पोचायचं तिथेच पोचतं. तिथे घासणारा टायर लिफ्टनंतरही घासणारच.

मी काय केलं? पुढच्या बंपरमागचं प्लॅस्टिकचं लायनर हीट गनने मऊ करून बंपरकडे दाबलं, मडफ्लॅपचा कोपरा कापला आणि अलाइनमेंटच्या वेळी कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) थोडा वाढवून घेतला. त्याने चाक जरासं पुढे सरकतं आणि केबिनच्या बाजूला बोटभर जागा सुटते. दोन वर्षं झाली. आता हाणा.

पाटेवाला

हाणतोच. लिफ्टचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. शेवटचा टप्पा तोच राहतो हे कबूल, पण उंच गाडी त्या टप्प्यापर्यंत किती वेळा पोचते? मूळ उंचीवर रोजच्या खड्ड्यातही चाक त्याच्या बरंच जवळ जातं.

पण माझा मुद्दा जागेचा नाहीच. टायर घासत नाही हे तुम्ही सांगितलंत, शॉक काय म्हणतोय ते कोणी विचारलं? तुमच्याच मापाचे जाड बांध्याचे टायर घेतले तेव्हा मी जुना आणि नवा दोन्ही वजनकाट्यावर ठेवले होते. जुना १७ किलो, नवा २५. दर चाकाला आठ किलो, आणि हे वजन स्प्रिंगच्या वर नाही, खाली आहे. हौद्यात आठ किलोची पिशवी ठेवली तर गाडीला कळतही नाही. चाकात वाढलेले आठ किलो प्रत्येक खळग्यात वर उडतात आणि त्यांना आवरायचं काम एकट्या शॉकचं. कंपनीने शॉक बनवला तो हलक्या चाकाच्या हिशेबाने.

खडबडीत, पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर जाऊन बघा. चाक उडतं आणि खाली यायच्या आत पुढचा वरंबा येतो. स्टिअरिंग हातात असूनही गाडी आडवी सरकते.

माझ्या गाडीचे पुढचे शॉक ४० हजार किलोमीटरला तेल गाळायला लागले. त्याच सुमारास पुढचं चाक जॅकवर उचलून डावी-उजवीकडून धरून हलवलं तर टायरॉड एंडमधून (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) टक टक. दोष टायरचाच, असं शपथेवर सांगत नाही. पण त्याच गाडीवर आधीचा संच याच्या दुप्पट चालला होता.

आकडेमोड

दोघंही "रुंद" म्हणताय, पण रुंदी वाढलीय फक्त २० मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर. खरी वाढलीय ती उंची. हिशेब करू.

२६५ च्या ६५ टक्के म्हणजे १७२ मिमी टायरची भिंत. दोन भिंती आणि १७ इंची रिमचे ४३२ मिळून व्यास ७७६ मिमी. २८५ च्या ७० टक्के म्हणजे जवळपास २०० मिमी भिंत, व्यास ८३१. फरक ५५ मिमी, म्हणजे सात टक्के. गाडी जमिनीपासून उचलली जाते त्याच्या निम्मी, २७ मिमी. बाकीची निम्मी वर कमानीत घुसते, आणि घासाघीस तिथून सुरू होते.

सात टक्क्यांचे परिणाम सगळीकडे जातात. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने धावते. सगळे गिअर सात टक्क्यांनी लांब होतात, म्हणून चढावर एक गिअर खाली यावं लागतं. ब्रेकची डिस्क तीच, पण तिला आता लांब दांड्याशी झुंजायचंय, म्हणून पायाला जास्त जोर.

आणि एक गंमत. लोक म्हणतात मोठ्या टायरने ॲव्हरेज फार पडलं. पडतं, पण ओडोमीटरही खोटं बोलत असतं. त्याने ५०० किलोमीटर दाखवले तेव्हा तुम्ही ५३५ चाललेले असता. आधी ते दुरुस्त करा, मग रडा.

उंची तशीच ठेवून नुसती रुंदी हवी असेल तर २८५/६० आर १७ चा व्यास ७७४ येतो, जवळजवळ मूळचाच. पण तो घेऊन फोटोत काय दिसणार, नाही का?

चाकोरीबाहेर

फोटोचा टोला लागला. काट्याचं खरं आहे, मी मोबाईलच्या जीपीएसशी ताडून पाहिलंय. पण पाटेवाला, शॉक गळाले तर चांगले शॉक घाला. त्यासाठी अख्खं सस्पेन्शन बदलायचं कशाला?

पाटेवाला

शॉक बदललात की "मूळ सस्पेन्शन" उरलं कुठे? आपला वाद तिथेच संपला की.

चिखलपाणी

मला एक कळत नाही, रुंद टायर हवाच कशाला? "जास्त रुंद म्हणजे जास्त पकड" हे सगळेच ऐकून बोलतात.

एका चाकावर ५०० किलो आहेत आणि हवा ३५ आहे असं धरा. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण अडीच किलो. म्हणजे टायर जमिनीला टेकतो तो २०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास, मग टायर रुंद असो की अरुंद. ठसा २० सेंमी रुंद असेल तर लांबी १० च्या जवळ, २२ रुंद केलात तर लांबी नऊवर येते. क्षेत्रफळ तेच, आकार बदलला. टायरच्या भिंतीच्या कडकपणाने थोडा फरक पडतो, पण मूळ गणित हेच. वाळूत गाडी तरंगवायची तर हवा १८ वर आणा, ठसा जवळपास दुप्पट होतो. आहे त्याच टायरवर, फुकट.

चिखलाचे दोन प्रकार. खाली तळच नाही असा दलदलीचा, तिथे रुंद टायर वर तरंगतो, मान्य. पण वर चार बोटं राड आणि खाली घट्ट मुरूम, असाच चिखल मला जास्त भेटतो. तिथे अरुंद टायर राड कापून तळ गाठतो आणि रुंद वरच्या वर घसरत राहतो. साचलेल्या पाण्यातही रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगायला लागतो.

मी २५५/७५ आर १७ चालवतो. मूळपेक्षा सेंटीमीटरभर अरुंद, व्यास ८१४. उंची मिळाली, वळताना घासत नाही.

नवखा

मधेच विचारतो, रागावू नका. रिमही बदलून चाकं बाहेर काढली तर आत जागा होते ना? मला ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती गाडीला टेकते तिथपर्यंतचं अंतर, मिमीमध्ये) शून्यच्या रिम सुचवल्यात. माझ्या मूळ रिमवर ३० लिहिलंय.

पाटेवाला

आत होते, बाहेर जाते. ३० वरून शून्य म्हणजे चाकाचा मध्य ३० मिमी बाहेर. सस्पेन्शनच्या वरच्या आर्मपासून टायर सुटतो हे खरं. पण वळताना चाक ज्या बिंदूभोवती फिरतं त्याच्यापासून ते लांब गेलं, म्हणजे त्याचा घेरा मोठा झाला. फुल लॉक केलं, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की पुढे बंपरला आणि मागे केबिनच्या कडेला जाऊन भिडणार. बेअरिंगवर तरफ वाढते ती वेगळीच, आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. मूळ सस्पेन्शन ठेवायचं तर रिमही मूळचीच ठेवा. याबाबतीत चाकोरीबाहेर शहाणा निघाला.

लांबपल्ला

तुम्ही सगळे रिकाम्या गाडीबद्दल बोलताय. माझा हौदा रोज भरलेला असतो.

जाड टायरवर १२१ असा भार निर्देशांक बघून लोक खूश होतात. १२१ म्हणजे १४५० किलो, जुना ११२ म्हणजे ११२०. पण १४५० मिळतात ते ८० पीएसआयला. मूळ टायर आपला पूर्ण भार ३५-३६ लाच उचलतो. नवे टाकून दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३५ भरलीत तर नवा टायर जुन्यापेक्षा कमी भार पेलतो! भरल्या गाडीत भिंती तापतात. हवा वाढवावीच लागते, आणि वाढवलीत की रिकामी गाडी दगडासारखी उडते.

किती भरायची ते खडूने बघा. टायरच्या पट्टीवर आडवी जाड रेघ मारायची, सपाट रस्त्यावर सरळ थोडं अंतर जायचं, उतरून बघायचं. मधला खडू गेला आणि कडा पांढऱ्याच राहिल्या तर हवा जास्त. उलट झालं तर कमी. पण याने फक्त ठसा समान आहे का ते कळतं. भार असेल तेव्हा टायर कंपनीचा तक्ता बघायलाच हवा.

आणि चाकोरीबाहेर, घासत नाही हे तुम्ही भरल्या गाडीने तपासलंत का? एक पुढचं आणि तिरपं समोरचं मागचं चाक उंचवट्यावर चढवा, फुल लॉक करा, पुढे घ्या, मग रिव्हर्स घ्या. कमानीत आतून पांढरा रंग मारून ठेवा.

चाकोरीबाहेर

आज केलं. हौद्यात सिमेंटच्या दहा पोती. पुढे घेताना काही नाही. रिव्हर्समध्ये डावीकडे फुल लॉकवर खर्रकन आवाज. खाली वाकून पाहिलं तर केबिनच्या बाजूच्या पत्र्याच्या जोडावर तळहाताएवढा पांढरा रंग गेलेला आणि टायरच्या खांद्यावर त्याचा पट्टा. रंगाखाली पत्रा आधीपासूनच चकचकीत होता. म्हणजे दोन वर्षं घासतच होता, मला रिकाम्या गाडीत ऐकू येत नव्हतं.

जोड ठोकून आडवा करीन. टायर बदलणार नाही.

पाटेवाला

ठोकाल तिथे गंजरोधक लावा. बाय द वे, स्टेपनी कुठली आहे?

चाकोरीबाहेर

जुनीच. मोठी हौद्याखाली मावत नाही.

आकडेमोड

म्हणजे पंक्चर झालं की एका बाजूला किलोमीटरला ३८३ फेरे आणि दुसऱ्या बाजूला ४१०. त्या दोन चाकांच्या मधलं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) सरळ रस्त्यावरही अखंड वळणात असल्यासारखं फिरत राहणार. फोर व्हील ड्राइव्ह तर अजिबात लावू नका. पुढचं पंक्चर झालं तर एवढं तरी करा: छोटं चाक पुढेच ठेवा, म्हणजे ताकद जाते त्या मागच्या दोन्ही चाकांचं माप एकच राहील, आणि सावकाश, जवळच्या टायरवाल्यापर्यंत.

चाकोरीबाहेर

मागचं झालं तर?

लांबपल्ला

मग आधी पुढचं एक मोठं काढून मागे लावा आणि छोटं पुढे. दोनदा जॅक. पावसात करून बघा एकदा.

चाकोरीबाहेर

पाचवा मोठा टायर हौद्यात आडवा बांधतो. पट्टा किती जाडीचा घेऊ?