मदत हवी आहे: पहिला लेख प्रसिद्ध करायच्या आधी ब्लॉगची कोणती सेटिंग्ज बघून घ्यावीत?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीहून लिहितेय. ब्लॉगरवर (गूगलची ब्लॉगसेवा) मराठी ब्लॉग उघडला आहे. विषय आपल्याकडची लागवड, म्हणजे काजू, कोकम, सुपारी, आणि त्यांचे घरी होणारे पदार्थ. लेख तयार आहेत, पण अजून एकही प्रसिद्ध केलेला नाही. अडलंय ते असं:

१. पोस्ट आणि पेज यांत फरक काय?
२. लेबलं किती आणि कशी द्यावीत?
३. परमालिंक म्हणजे काय? त्याला हात लावावा लागतो का?
४. प्रतिक्रिया सगळ्यांना खुल्या ठेवाव्यात का?

वाचक बहुतेक फोनवरचे, आणि गावागावांत रेंज यथातथाच. कुठलं सेटिंग कुठे सापडेल तेही सांगितलंत तर बरं होईल.

प्रतिसाद १

ताई, आधी विचारलंत हे उत्तम केलंत. ब्लॉगवरचं बहुतेक सगळं मागाहून बदलता येतं, पण ब्लॉगचा पत्ता आणि लेखाची परमालिंक बदलली की लोकांनी पुढे पाठवलेल्या लिंका तुटतात. म्हणून तिसरा प्रश्न पहिला घेतो.

परमालिंक म्हणजे त्या एका लेखाचा कायमचा पत्ता. ब्लॉगर तो शीर्षकावरून आपोआप बनवतो, पण फक्त रोमन अक्षरं आणि आकडे घेतो. शीर्षक ‘कोकमाचं आगळ’ असं देवनागरीत असलं की त्यातलं काहीच घेता येत नाही. मग पत्त्यात वर्ष, महिना आणि पुढे नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढंच येतं. पुढच्या लेखालाही तेच, फक्त मागे एखादा आकडा. अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती आगळाची की काजूच्या कलमाची, पत्त्यावरून काही कळत नाही.

उपाय सोपा आहे. लेख उघडलेला असताना उजवीकडच्या पोस्ट सेटिंग्जमध्ये परमालिंकवर जा, ‘कस्टम परमालिंक’ निवडा आणि रोमन लिपीत ‘कोकम-आगळ’ असं लिहा. सगळी अक्षरं लहान, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, आडवी रेघ. हे ‘पब्लिश’ दाबायच्या आधी. प्रसिद्ध झालेल्या लेखाची परमालिंक बदलत नाही. लेख परत ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो, आणि मग जुन्या लिंकवर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं दिसतं. तशी वेळ आलीच तर सेटिंग्जमधल्या ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’मध्ये कस्टम रीडायरेक्ट घाला: जुना पत्ता, नवा पत्ता (दोन्ही ब्लॉगच्या नावानंतरच्या तिरक्या रेघेपासून), आणि ‘पर्मनंट’ चालू.

तुम्ही विचारलं नाहीत, पण टाइम झोनही आजच बघा. सेटिंग्जमध्ये ‘फॉरमॅटिंग’खाली आहे. तिथे अमेरिकेतली पॅसिफिक वेळ असली तर ती आपल्यापेक्षा साडेबारा ते साडेतेरा तास मागे असते. नारळी पौर्णिमेला सकाळी टाकलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि वेळ लावून ठेवलेला लेख भलत्याच वेळी बाहेर पडतो. कोलकाता, अधिक ५:३० निवडा. ब्लॉगची भाषाही सेटिंग्जच्या अगदी वरच्या भागात मराठी करून ठेवा.

प्रतिसाद २

पोस्ट म्हणजे तारखेनुसार लागत जाणारा लेख. पेज तारखेच्या रांगेत येत नाही, त्याला लेबलही लागत नाही. ‘माझ्याविषयी’, ‘संपर्क’ एवढ्यासाठीच पेज करा. पाककृती पेजवर टाकली तर ती मुखपृष्ठावरही येत नाही आणि फीडमधूनही (नवे लेख वाचकांकडे आपोआप पोचवणारी यादी) कोणाकडे जात नाही.

लेबलांकडे मात्र नीट लक्ष द्या. एका लेखाला दोन-तीन पुरेत. लेबल स्वल्पविरामाने तुटतं आणि अक्षर न् अक्षर जुळलं तरच एक धरलं जातं. ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘सिंधूदुर्ग’ ही दोन वेगळी लेबलं होतात. ‘सुपाऱ्या’मध्ये तर आणखी एक मेख आहे: त्यातला ‘ऱ्या’ कीबोर्डप्रमाणे दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण यंत्राच्या लेखी शब्द वेगळे. अर्धे लेख एका लेबलाखाली आणि अर्धे दुसऱ्या, कारण काही सापडत नाही. म्हणून लेबलात ‘सुपारी’ असा एकवचनी, साधा शब्द घ्या, आणि दरवेळी नव्याने टाइप न करता आधीच्या यादीतूनच निवडा. ‘वेंगुर्ला’ हे गावासाठी ठेवा. काजूच्या जातीवर लिहाल तेव्हा ‘वेंगुर्ला-४’ असं पूर्ण नाव द्या, नाहीतर गावातल्या जत्रेचा लेख आणि कलमांचा लेख एकाच यादीत येतील.

प्रतिसाद ३

प्रतिक्रिया: ‘हू कॅन कमेंट’मध्ये सगळ्यांना मुभा ठेवा. गूगल खात्याची अट घातली की फोनवरचा वाचक लिहायचं सोडून देतो. त्याच्या जोडीला कमेंट मॉडरेशन ‘समटाइम्स’वर ठेवून दिवस १४ करा. ताज्या लेखावर प्रतिक्रिया लगेच दिसतील, जुन्या लेखावरच्या तुमच्या परवानगीशिवाय येणार नाहीत. जाहिरातींचा कचरा जास्त करून जुन्या लेखांवरच पडतो. तिथेच ईमेलची चौकट आहे, ती भरा, नाहीतर अडवलेल्या प्रतिक्रिया तशाच पडून राहतात.

रेंजचं म्हणाल तर मुख्य ओझं फोटोंचं. फोनमधला फोटो सहज ३-४ एमबी असतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, फाइल २००-३०० केबीच्या आसपास येते आणि फोनवर फरकही दिसत नाही. प्रत्येक लेखात पहिल्या परिच्छेदानंतर ‘जंप ब्रेक’ घाला, म्हणजे मुखपृष्ठावर तेवढाच भाग उघडेल.

धागाकर्ती

मनापासून आभार! परमालिंका आत्ताच लिहून ठेवल्या. आणखी एक विचारते: एक लेख दिवाळी अंकासाठी डीटीपीवाल्याकडे टाइप झालेला आहे. ती फाइल चिकटवली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ब्लॉगचा फॉन्ट बदलला तर जमेल का?

प्रतिसाद २

नाही जमणार. ती फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यात साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हंच, फक्त त्यांचा आकार देवनागरी दाखवला जातो. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट बसवला तरी वाचकाच्या फोनवर तो नसणार, आणि गूगललाही त्यातलं मराठी वाचता येणार नाही. डीटीपीवाल्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा आणि त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर सगळीकडे दिसणाऱ्या खऱ्या देवनागरीत बदलून देणारी सोय, वापरा. फॉन्ट चुकीचा निवडला तर मजकूर अर्धवट बदलतो. झाल्यावर रफार, पहिली वेलांटी, ‘ऱ्या’, अवतरणचिन्हं आणि आकडे डोळ्यांखालून घाला. घोळ होतो तो इथेच. मग कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून चिकटवा, म्हणजे वर्डमधली रंगरंगोटी आणि अक्षरांचे आकार सोबत येणार नाहीत.

प्रतिसाद १

दोन कामं राहिली. सेटिंग्जमधून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी खात्याला आमंत्रण पाठवा आणि त्यांनी ते स्वीकारल्यावर त्यांना ‘अ‍ॅडमिन’ करा. तुमचं खातं कधी बंद पडलं तर ब्लॉग हातचा जाणार नाही. आणि महिन्यातून एकदा ‘बॅकअप कंटेंट’ दाबून फाइल उतरवून घ्या. तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येत नाहीत. फोटोंच्या मूळ प्रती लेखाच्या परमालिंकच्याच नावाने वेगळ्या फोल्डरात ठेवा.