परक्या फौजेचा तळ आपल्या भूमीवर असावा का?

वाईकर: साताऱ्यात राज्यसेवेच्या मुलाखतीची तयारी करतोय. काल अभ्यासिकेत फिलिपिन्सवरून जोरात जुंपली. १९९१ मध्ये तिथल्या सिनेटनं १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकी तळांचा करार फेटाळला, पुढच्या वर्षी सुबिक बे हा त्यांचा नौदल तळ रिकामा झाला. १९९५ मध्ये फिलिपिन्स आपला मानतो तो दक्षिण चिनी समुद्रातला मिसचीफ रीफ हा प्रवाळ खडक चीननं बळकावल्याचं उघड झालं. आता २०१४ च्या करारानं अमेरिकी सैन्य परत येतंय, २०२३ पासून नऊ ठिकाणी. मग घालवलं कशाला?

माजी सुभेदार, कोरेगाव: बाळा, घालवलं ते बरोबरच. चुकलं ते पुढं. तळ गेल्यावर स्वतःचं आरमार उभं करायला हवं होतं, ते झालं नाही. १९९९ मध्ये हक्क टिकवायला त्यांनी दुसऱ्या महायुद्धातलं जुनं जहाज त्याच समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या उथळ खडकावर मुद्दाम रुतवलं. त्या गंजक्या सांगाड्यावर त्यांची पोरं अजून पहारा देतात. फार वाईट वाटतं.

मी १९८८ ला भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो. त्यांच्याच सरकारनं करार करून आपल्याला बोलावलेलं. तरी त्रिंकोमालीच्या बाजारात आमची गाडी थांबली की दुकानांच्या फळ्या लागायच्या. चहावाला पैसे घ्यायचा, पण मान वर करायचा नाही. पुढं त्यांचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी निघा म्हणून सांगितलं. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली. अकराशेहून जास्त जवान आपण तिथं गमावले. परकी फौज कितीही नीट वागली तरी लोकांना ती परकीच. म्हणून २०१४ चा करार मला पटतो: तळ फिलिपिन्सच्या मालकीचे, अमेरिकी सैन्य येऊनजाऊन. शिवाय आता त्यांनी आपलं ब्राह्मोस घेतलंय.

पाटणकरीण: काका, जमीन कुणाची जाते तेही बोला. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी तळासाठी ब्रिटननं १९७३ पर्यंत तिथल्या चागोस बेटांवरचे सगळे रहिवासी हुसकावले. आमचं गाव कोयनेत गेलं, पण मोर्चा न्यायला सरकार तरी आपलं होतं. त्यांना तेही नव्हतं. ओकिनावा म्हणजे जपानची ०.६ टक्के भूमी, पण अमेरिकी तळांची सुमारे ७० टक्के जागा तिथंच. तिथला फुतेन्माचा अमेरिकी लष्करी विमानतळ भर वस्तीत. परत द्यायचं १९९६ ला ठरलं, अजून दिलेला नाही.

वाईकर: पण तळ काढले आणि जपानच्या ताब्यातल्या, पण चीनही हक्क सांगतो त्या सेनकाकू बेटांवर चीन उतरला तर?

माजी सुभेदार, कोरेगाव: जपानकडं स्वतःचं दमदार आरमार आहे, फिलिपिन्सकडं १९९२ ला नव्हतं. हा फरक मुलाखतीत आधी सांग. तरी सगळे तळ एकदम उठवा असं मी म्हणणार नाही. ताईंचं मात्र खरंय. फुतेन्मा पहिल्यांदा हलवायचा, आणि तोही ओकिनावाबाहेर.